अनुभवी नर्सला पुन्हा प्रशिक्षण कशाला?

समज असा: वॉर्डात बरीच वर्षं काढलेल्या नर्सला नव्याने शिकण्यासारखं काही उरत नाही.

अनुभवाचं मोल मोठंच आहे. पण शिकवलेली पद्धत पुढे चुकीची ठरली, हे अनुभव आपोआप सांगत नाही. बेडसोर, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणारी जखम, टाळण्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची लाल झालेली त्वचा चोळावी, असं पूर्वी रीतसर शिकवलं जायचं, आणि नर्स ते मायेने करायच्या. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा आधीच अडलेला असतो. चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होऊ शकते. म्हणून आता चोळण्याऐवजी वेळच्या वेळी कूस बदलायला आणि टाचा गादीपासून अधांतरी ठेवायला शिकवतात. बुडाखाली गोल रिंग ठेवणंही आता टाळतात.

तपासणंही शिकावं लागतं. लाल जागा बोटाने दाबून सोडा. ती क्षणभरही फिकट झाली नाही, तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे हाताला लागणारी ऊब, कडकपणा आणि रुग्णाला होणारं दुखणं पाहायचं.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, हे वॉर्डाच्याच नोंदींत कळतं: आधीच्या आणि नंतरच्या काही महिन्यांत किती रुग्णांना नव्याने बेडसोर झाले, ते ताडून पाहा.