भाडेकरूने केली घाण, नोटीस आली घरमालकाला: खुलासा, कागदपत्रे आणि पुढची प्रक्रिया

डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या मोकळ्या जागेत) कचरा टाकला भाडेकरूने, डासांच्या अळ्या सापडल्या त्याच्याच पिंपात, आणि महापालिकेची नोटीस मात्र घरमालकाच्या नावाने. मालमत्ता कराच्या नोंदीत नाव मालकाचं असतं, त्यामुळे बहुतेकदा आधी त्यालाच गाठलं जातं. ‘घाण मी केलेली नाही’ एवढ्या उत्तरावर सुटका होत नाही. पालिकेने स्वतः सफाई करून घेतली तर तो खर्चही अंगावर येऊ शकतो. म्हणून आधी सफाई करून घ्या, भाडेकरूकडून वसुली नंतर.

नोटिशीतली मुदत संपायच्या आत प्रभाग कार्यालयात लेखी खुलासा द्या. जागा कोणाच्या ताब्यात आहे, सफाई कधी झाली, आणि ‘कृपया फेरतपासणी करावी’ ही विनंती, एवढं पुरे. सोबत नोटिशीची प्रत, भाडेकरार व इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), मालमत्ता कराची पावती, सफाईआधीचे व नंतरचे फोटो आणि बिलं जोडा. हा खुलासा मालक किंवा त्याचा कुलमुखत्यारधारक (त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती) देऊ शकतो. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका; पुढे कोर्टात हीच पोच उपयोगी पडते.

मूळ कारणाचा छडा लावणं सगळ्यात महत्त्वाचं. ड्रेनेज कपड्यांच्या चिंध्यांनी तुंबलं की जुना पाइप फुटला? प्लंबरकडून बिलावरच कारण लिहून घ्या. पाइप फुटला असेल तर दोष भाडेकरूवर ढकलू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचंच काम आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत.

करार नोंदवलेला नसेल तर मालकाची बाजू फारच लंगडी पडते. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सफाईची जबाबदारी आणि अनामत रकमेतून कपात, ही कलमं करारात स्पष्ट लिहा.

भाडेकरूला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी जागा पाहण्याचा हक्क कलम २८ देतं. रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडू नका. कलम २९ त्याला मनाई करतं, आणि पाण्याशिवाय घाण वाढणारच.

तरीही फरक पडला नाही, तर भाडेकरूविरुद्ध शेजाऱ्यांना उपद्रव या कारणावरून कलम १६ खाली जागेचा ताबा परत मिळवण्यासाठी कोर्टात दावा लावता येतो. त्यात शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारींना वजन असतं, म्हणून त्या सुरुवातीपासूनच मागून घ्या. करार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा) असेल आणि मुदत संपूनही जागा सोडली नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा.