मशीन स्लो झालंय? कोअर वाढवायला सांगण्याआधी एवढं बघा

दर महिन्याच्या १० तारखेला आमच्या सपोर्टच्या फोनवर एकच मागणी येते : "मशीन स्लो चाललंय, चारचे आठ कोअर करून द्या." ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायची असतात, त्यामुळे तुमची घाई आम्हाला समजते. पण कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, वाढवून बहुतेक वेळा काम होत नाही, आणि ऐन गर्दीत तुमचा अर्धा दिवस जातो.

तुमचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर, महापे एमआयडीसीतल्या डेटा सेंटरमध्ये आमच्या एका मोठ्या होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, चालतं. तिथे इतरांचीही मशीन्स असतात. प्लॅनमधला कोअर म्हणजे तुमच्या नावाने कापून ठेवलेला प्रोसेसरचा तुकडा नव्हे, तर खऱ्या कोअरवर तुमची पाळी. दुपारच्या गर्दीत खानावळीत दोघांना चटकन जागा मिळते, आठ जणांना मात्र ताटकळावं लागतं. आठही कोअर एकाच क्षणी मोकळे हवेत, असा हट्ट हल्लीचे हायपरव्हायझर (होस्टवर मशीन्सना पाळी वाटून देणारं सॉफ्टवेअर) धरत नाहीत. पण एक कोअर पाळीत मागे राहिला की त्याच्यावर अवलंबून असलेलं बाकीच्यांचं काम अडतं. म्हणून गरज नसताना वाढवलेले कोअर कधी कधी मशीन आणखी हळू करतात.

एक उदाहरण सांगतो. नौपाड्यातलं एक सीए ऑफिस दुसरीकडून आमच्याकडे आलं. आठ कोअर, एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती), आणि तरी बॅलन्स शीट उघडायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ. त्यांना सोळा कोअर हवे होते. टास्क मॅनेजरमध्ये एकूण सीपीयू जेमतेम १३ टक्के दिसत होता. प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा करून पाहिला, तर एक शंभरावर चिकटलेला आणि सात जवळपास सपाट. एक्स्प्रेस आवृत्ती एक सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा, म्हणजे एक प्रोसेसर) किंवा चार कोअर, यातलं जे कमी असेल तेवढंच वापरते. त्यांचे आठ कोअर आठ वेगवेगळे सॉकेट म्हणून मांडलेले होते, म्हणजे डेटाबेसच्या वाट्याला एकच येत होता. आम्ही मशीन बंद करून एका सॉकेटमध्ये चार कोअर अशी मांडणी केली. काम वेगात सुरू झालं आणि बिलही खाली आलं.

"तुम्ही एकच कोअर अनेकांना विकता का?" असंही विचारलं जातं. हो, विकतो. एका खऱ्या कोअरमागे जास्तीत जास्त तीन, आणि हे प्लॅनमध्ये लिहिलेलं आहे. बहुतेक मशीन्स दिवसाचा बराच वेळ रिकामी बसतात, म्हणूनच हे दर परवडतात. रॅम मात्र आम्ही एकदाच विकतो. सीपीयूची पाळी काही मिलिसेकंद लांबली तर सहसा लक्षातही येत नाही, पण दिलेली रॅम होस्टने परत ओढली की मशीन रॅममधला मजकूर डिस्कवर हलवत (स्वॅप करत) बसतं आणि माऊससुद्धा हलेनासा होतो. त्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

आमचा होस्टच भरलाय का, हेही तुम्हाला तपासता येतं. लिनक्सवर 'टॉप' (top) कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीत शेवटचा 'एसटी' (st) आकडा बघा. तुमच्या मशीनला काम होतं, पण होस्टने पाळी दिली नाही, असा तो वेळ. तो सतत ५ च्या वर राहिला तर दोष आमचा. कळवा, आम्ही तुमचं मशीन मोकळ्या होस्टवर हलवू, त्याचे पैसे लागत नाहीत. रॅमसाठी 'फ्री' कमांडमधला 'अव्हेलेबल' रकाना बघा, कारण कॅशने (पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेल्या फाइल्सनी) भरलेली रॅम गरज पडली की मोकळी होते. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती असेल, तर मर्यादा घातल्याशिवाय ती मिळेल तेवढी रॅम घेत राहते. ती मर्यादा घालून द्यायला आम्हाला सांगा.

कृपया मशीन रीस्टार्ट करून मग फोन करू नका, नेमका पुरावाच पुसला जातो. स्लो असतानाच स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहा आणि पाठवा. तपासणी सगळ्या प्लॅनमध्ये धरलेली आहे. खरोखर कोअर लागणार असतील तर ८ तारखेच्या आत सांगा. मशीन दहा मिनिटं बंद ठेवावं लागतं, ते आम्ही रात्री ९ नंतर करतो. महिना संपल्यावर कोअर पुन्हा कमी करून हवे असतील, तर तेही करून देतो.