आजार एक, औषध एक, गुण मात्र वेगळा

१९८६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. जे हूफनेगल यांनी दहा रुग्णांना इंटरफेरॉन, म्हणजे शरीराची विषाणूविरोधी यंत्रणा जागवणारं प्रथिन, इंजेक्शननं देऊन पाहिलं. त्यांच्या आजाराला तेव्हा नावही नव्हतं. यकृताला सूज आणणारा 'ए नव्हे, बी नव्हे' हेपॅटायटिस, एवढीच त्याची ओळख. आठ जणांच्या रक्तातली, यकृताची इजा दाखवणारी एन्झाइम्स उतरली. विषाणू हाती लागला तो १९८९ मध्ये, आणि त्याला हेपॅटायटिस सी हे नाव मिळालं.

मग कोडं सुरू झालं. तेच इंजेक्शन, तोच डोस. एकाचं रक्त स्वच्छ होई, दुसऱ्याच्या रक्तात विषाणू तसाच. रुग्णानं औषध नीट घेतलं नसेल, असा संशय घेणं सोपं होतं. खरं कारण बरंचसं विषाणूच्या आत होतं.

हा विषाणू म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांची आरएनएची चिठ्ठी. तिची नक्कल करणारं एन्झाइम केलेली चूक पुन्हा तपासत नाही, आणि एका शरीरात रोज साधारण एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात एकसारखा विषाणू नसतोच, थोड्याथोड्या फरकांची गर्दी असते. जगभरात पसरताना त्याचे जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, इतके दुरावले, की त्यांच्यात जवळपास एक तृतीयांश अक्षरं वेगळी आहेत.

पेगिलेटेड (शरीरात जास्त काळ टिकणारं) इंटरफेरॉन आणि रायबाव्हिरिन या विषाणूविरोधी गोळ्यांच्या काळात हा फरक रुग्णाला सोसावा लागे. जीनोटाइप १ असेल तर ४८ आठवडे ताप, अंगदुखी, खिन्नता, आणि बरे होत निम्म्याच्या आसपास. २ किंवा ३ असेल तर २४ आठवडे, आणि बरे होत दहापैकी सुमारे आठ. दोष सगळा विषाणूचाही नव्हता: रुग्णाच्या आयएल२८बी जनुकाजवळचा फरकही निकाल ठरवतो, हे २००९ मध्ये कळलं.

२०११ मध्ये थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्या आल्या, तेव्हा एकेका अक्षराचं मोल दिसलं. विषाणूच्या प्रोटिएझ या एन्झाइममधल्या १५५व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाचं लायसिन झालं, की टेलाप्रेविर या नव्या गोळीचा प्रभाव घटतो. १ए उपप्रकारात त्यासाठी एक अक्षर बदललं तरी पुरतं, १बी मध्ये दोन बदलावी लागतात. म्हणूनच हा बदल १ए च्या रुग्णांत वारंवार दिसे, १बी मध्ये क्वचित.

आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची उलथापालथ जीनोटाइप ३ ची, कारण भारतात तोच सर्वाधिक आढळतो. इंटरफेरॉनच्या काळात 'सोपा' ठरलेला हा प्रकार नव्या गोळ्यांपुढे अवघड निघाला. २०१५ च्या एका चाचणीत सोफोसबुविर-डॅक्लाटासविर या गोळ्यांच्या जोडीच्या १२ आठवड्यांनंतर सिरॉसिस (यकृत घट्ट, व्रणमय होणं) नसलेले ९६ टक्के बरे झाले, सिरॉसिस असलेले ६३ टक्केच. डॅक्लाटासविर ज्यावर चालतं त्या विषाणूच्या एनएस५ए प्रथिनात ९३व्या जागचा वाय९३एच हा बदल आधीच असेल, तर यश आणखी घटे.

२०१६ मध्ये सर्व जीनोटाइपवर चालणारी सोफोसबुविर-वेल्पाटासविरची जोडी आली. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या भारताच्या राष्ट्रीय हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सिरॉसिस नसेल तर डॅक्लाटासविरची जोडी आणि असेल तर वेल्पाटासविरची, अशी मोफत औषधांची सोय झाली. प्रत्येकाची खर्चिक जीनोटाइप चाचणी करण्याची गरज उरली नाही. पैशांपायी उपचार लांबवणाऱ्या घरांसाठी हा बदल कोणत्याही शोधाइतकाच मोठा आहे.

त्याच वर्षी कॅनडात, मूळच्या पंजाबच्या चार रुग्णांत, विषाणूचा आठवा जीनोटाइप सापडला. औषधाला दाद न देणारे बदल त्यात आधीपासूनच होते. तरीही चौघे या गोळ्यांनीच बरे झाले.