फ्लॅव्होनॉइडे आणि कर्करोग प्रतिबंध

फ्लॅव्होनॉइडे ही वनस्पतींत तयार होणारी संयुगे आहेत. त्यांच्या रेणूचा सांगाडा 15 कार्बन अणूंचा असतो : दोन बेंझीन वलये व त्यांना जोडणारा तीन कार्बनांचा दुवा. पिवळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते ती यांपैकी अँथोसायनिनांमुळे. कोकमाची लालीही त्यांचीच. आगळात (कोकमाच्या घट्ट रसात) चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ती पाहतापाहता मावळते. हळदीचे कर्क्युमिन मात्र फ्लॅव्होनॉइड नव्हे. ही गल्लत नेहमी होते.

हंगेरीत जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट-ड्यॉर्डी यांनी 1936 मध्ये या संयुगांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटले. त्यांच्यावाचून कोणताही अभावजन्य रोग होत नाही हे कळल्यावर ते नाव मागे पडले.

आपल्या रोजच्या जेवणात क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड मुख्यतः कांद्यातून येते. ते बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वाधिक असते; कांदा सोलताना सालीबरोबर एखादी जाड पाकळी निघाली की त्याचा मोठा वाटा केरात जातो. पांढऱ्या कांद्यात ते फारच कमी. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, तर हिरव्या चहात ईजीसीजी (एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट) हे कॅटेचिन गटातले फ्लॅव्होनॉइड आढळते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर यांचा परिणाम ठळक दिसतो. पेशीविभाजनाचे संदेश पोहोचवणारी कायनेज विकरे (एन्झाइमे) मंदावतात, बिघडलेल्या पेशी स्वतःहून मरतात, घातक द्रव्यांचा निचरा करणाऱ्या विकरांची निर्मिती वाढते. पण तिथे वापरलेली मात्रा बहुधा जेवणानंतर रक्तात आढळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते. आतडे व यकृत या रेणूंना ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून त्यांचे रूपच पालटतात. उरलेले मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशीला भेटलेला रेणू शरीरातल्या पेशीपर्यंत क्वचितच तसाच पोहोचतो, आणि सगळी अडचण इथेच आहे.

माणसांवरील चाचण्यांत हेच दिसले. इटलीत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोगपूर्व बदल असलेल्या 60 पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर हिरव्या चहाचे कॅटेचिन दिले. त्यांतील एकाला कर्करोग झाला, तर इतर 30 पैकी 9 जणांना. आशा खूप वाढली; पण पुढे अमेरिकेतील अशाच चाचणीत ठोस फरक आढळला नाही. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसतात हे खरे, मात्र हे लोक धूम्रपानही कमी करतात, शिवाय त्यांच्या आहारात तंतू आणि इतर घटकही असतात. त्यामुळे श्रेय एकट्या फ्लॅव्होनॉइडांना देता येत नाही.

उपचाराच्या बाजूने एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. पश्चिम घाटातही आढळणाऱ्या डिसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या वृक्षातील रोहितुकीन या अल्कलॉइडावरून (नायट्रोजनयुक्त वनस्पतिज संयुगावरून) हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या येथील संशोधन केंद्रात 1980 च्या दशकात फ्लॅव्होपिरिडॉल हे कृत्रिम फ्लॅव्होन (फ्लॅव्होनॉइडांचा एक प्रकार) घडवले गेले. ते पेशीचक्र, म्हणजे पेशीच्या वाढ-विभाजनाचा क्रम, रोखते. रक्ताच्या कर्करोगांवर त्याच्या चाचण्या झाल्या.

गोळ्या-कॅप्सूलमधला अर्क ही अन्नाहून निराळी गोष्ट आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवले, की पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे दिसू लागतात. अस्थिमज्जेच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधाला ईजीसीजी बांधून टाकते आणि त्याची धार बोथट करते, असे प्रयोगशाळेत व उंदरांत आढळले आहे. म्हणून हे औषध चालू असलेल्या रुग्णाने हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या घेत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.