कुक्कुटपालनातील प्रतिजैविकरोधी जिवाणू (बेळगाव सीमाभाग)

कोंबड्यांच्या आतड्यात राहणारे ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर यांसारखे जिवाणू अँटिबायोटिकला दाद देईनासे झाले, की त्यांना प्रतिजैविकरोधी म्हणतात. औषधाने लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच पैदास होते. रोधाचा जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असेल, तर तो दुसऱ्या जातीच्या जिवाणूंतही शिरतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखलेले अखेरचे औषध. ते निकामी करणारा एमसीआर-1 हा असाच जनुक 2015 मध्ये चीनमध्ये सापडला. भारताने जुलै 2019 मध्ये कोंबड्या, जनावरे व त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात शेड टाकणाऱ्याला करारपद्धत नवी नाही. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची, शेड, वीज-पाणी, राबणूक शेतकऱ्याची, मोबदला वजनावर. त्यामुळे दोन-चार पिल्लांनी माना टाकल्या, की तपासणीआधीच औषध पाण्याच्या टाकीत पडण्याचा मोह होतो. ते धडधाकट पिल्लांच्याही पोटात जाते. आजारी पिल्लू पाणीच कमी पिते, म्हणजे गरज असते त्यालाच कमी मिळते. राणीखेत आणि गंबोरो तर विषाणूंचे रोग. तिथे अँटिबायोटिक व्यर्थ, वेळेवरची लसच खरी.

शेवटचा डोस आणि विक्री यांत ठरावीक दिवस जावे लागतात. औषधाची स्वतंत्र मुदत सिद्ध झालेली नसेल, तर 2012 च्या नियमाने कोंबडीच्या मांसासाठी किमान 28 दिवस, अंड्यांसाठी 7. ब्रॉयलर, म्हणजे मांसाची कोंबडी, निघतो चाळिसेक दिवसांत. म्हणजे असे औषध बाराव्या दिवसानंतर देताच येत नाही. मेख अशी, की मुदतीची ही ओळ बाटलीवर बारीक इंग्रजीत असते, सरकारी पत्रक कन्नडमध्ये येते आणि शेडवरचा व्यवहार मराठीत चालतो.

औषधाची गरजच कमी करायची, तर सुरुवात शेडमध्ये कोंबड्यांखाली पसरलेल्या तुसाच्या गादीपासून. खानापूरच्या पावसात ती लवकर ओलावते. मूठभर तूस दाबून पाहावे: घट्ट गोळा राहिला तर गादी ओली; ती खालीवर करून चुना मिसळावा, पाणी पिण्याची गळकी निपल बदलावीत. बॅच निघाल्यावर शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवावी. कोंबडीखत ताजेच उसात किंवा भाजीत टाकू नये. ढीग लावून कुजवले, की आतल्या उष्णतेने बरेच जिवाणू मरतात. जनुक मात्र काही प्रमाणात उरू शकतात.

रोधी जिवाणूही नीट शिजवल्यावर इतरांसारखेच मरतात. घरात धोका रश्शापेक्षा चिकन चिरलेल्या विळीवर न धुता कांदा-कोथिंबीर चिरण्यात जास्त.