न बोलता मिळालेली सोबत : ऑनलाइन खेळांतील मूक सहकार्याची पार्श्वभूमी

सुरुवातीचे अनेक ऑनलाइन खेळ शब्दांवरच चालत. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेला ‘मड’ हा खेळ केवळ टाइप केलेल्या मजकुरावर चालत असे. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘एक्सबॉक्स’ या खेळयंत्रासाठी ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही ऑनलाइन खेळण्याची सेवा आणली, तेव्हा तिच्या संचात बोलण्यासाठी हेडसेटही दिला. मात्र माइक हाती आल्यावर अनोळखी लोकांत मैत्रीबरोबर शिवीगाळही वाढली, आणि आवाजावरून वय, लिंग, प्रांत ओळखून छळणेही सोपे झाले.

वेगळी वाट जपानमध्ये २००९ साली आलेल्या ‘डीमन्स सोल्स’ या खेळामध्ये दिसली. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की, बर्फाने निसरड्या झालेल्या चढावर गाड्या अडकल्या असता मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलत वर नेले, आणि थांबलो तर पुन्हा अडकू या भीतीने त्यांना मदत करणाऱ्याचे आभारही मानता आले नाहीत. त्या अनुभवातूनच या खेळातील परस्परसाहाय्याची कल्पना सुचली. खेळाडू ठरावीक शब्द जोडून जमिनीवर इशारे लिहून ठेवतात आणि मदतीला आलेला अनोळखी खेळाडू काम झाले की निघून जातो.

त्याहून खोल विचार ‘जर्नी’मध्ये झाला, आणि माझ्या मते या विषयातील मैलाचा दगड तोच आहे. शांघायमध्ये जन्मलेले जेनोव्हा चेन यांच्या ‘दॅटगेमकंपनी’ने २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रासाठी आणलेल्या या खेळात वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे चालत जायचे असते, वाटेत दुसरा खेळाडू भेटतो, पण त्याचे नाव दिसत नाही, आणि त्याला हाक द्यायची तर एक छोटा सूर एवढेच साधन असते. हे सौहार्द आपोआप आलेले नाही. सुरुवातीच्या नमुन्यांत खेळाडू एकमेकांना धक्का देऊ शकत होते, आणि मदतीची सोय असूनही ते सोबत्याला खड्ड्यात लोटत. हताश झालेल्या चेन यांना एका बालमानसशास्त्रज्ञाने समजावले की नव्या जगात शिरलेला माणूस लहान मुलासारखा असतो: ज्या कृतीला सर्वाधिक प्रतिसाद मिळतो, तीच तो पुन्हापुन्हा करतो. म्हणून धक्का बसण्याची शक्यताच काढून टाकण्यात आली, आणि जवळ येऊन स्पर्श झाला की दोघांच्याही पात्रांच्या गळ्यातील उपरण्यांत उडण्याची शक्ती भरेल अशी रचना केली गेली. खेळणारी माणसे तीच होती, पण आता ती बर्फातल्या शेवटच्या चढणीवर एकमेकांना बिलगून चालू लागली. वाटेत भेटलेल्यांची नावे खेळ संपल्यावरच कळतात, आणि ज्याला आपण एकच सोबती समजत होतो ते प्रत्यक्षात दोघेतिघे होते, हे अनेकांच्या तेव्हा लक्षात येते.

पुढे चुरशीच्या युद्धखेळांनीही हा धागा उचलला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजेंड्स’मध्ये एखाद्या जागेकडे रोखून एक बटण दाबले की ‘इथे शत्रू आहे’ किंवा ‘इथे दारूगोळा आहे’ हे साथीदारांना कळू लागले. ‘पिंग’ नावाची ही सोय त्याच महिन्याच्या अखेरीस ‘फोर्टनाइट’मध्येही आली. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची भाषा वेगळी आहे किंवा ज्यांना आपला आवाज अनोळखी लोकांपुढे उघड करायचा नाही, अशा खेळाडूंना त्यामुळे संघात बरोबरीने खेळता येऊ लागले.