ट्रिकल चार्जर की बॅटरी मेंटेनर? बर्फात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी

कॅनडातील विनिपेगसारख्या शहरात राहणारे मराठी कुटुंब डिसेंबरात भारतात येऊन फेब्रुवारीत परतते, तेव्हा गॅरेज नसल्यास त्यांची गाडी मधला सगळा काळ उघड्यावर, उणे २० अंशांच्याही खाली जाणाऱ्या थंडीत उभी असते. तेथील बऱ्याच पार्किंगमध्ये ब्लॉक हीटरसाठी (थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरसाठी) विजेचे सॉकेट असतात, त्यामुळे बॅटरीला छोटा चार्जर लावून जावे, असे साहजिकच मनात येते. दुकानात मात्र दोन वायरी आणि दोन चिमटे असलेली, दिसायला सारखीच दोन उपकरणे मिळतात.

साधा ट्रिकल चार्जर बॅटरीत थोडा थोडा प्रवाह सतत सोडत राहतो आणि ती भरली की नाही, हे पाहत नाही. दोन अँपिअरचा चार्जर दिवसाला ४८ अँपिअर-तास पुरवतो, म्हणजे ६० अँपिअर-तासांची अर्धी उतरलेली बॅटरी त्याच्यावर एका दिवसात भरते; त्यानंतरच्या सगळ्या आठवड्यांत ती वीज बॅटरीतील पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करत राहते, पातळी खाली जाते आणि शिशाच्या प्लेटा खराब होतात. जुन्या पद्धतीच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर तरी घालता येते. एजीएमसारख्या (आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषून ठेवलेल्या) बंद बॅटरीत तीही सोय नसते.

मेंटेनर बॅटरीचे व्होल्टेज मोजत असतो. ती भरली की तो साधारण साडेतेरा व्होल्टवर तिला नुसती धरून ठेवतो, किंवा थांबतो आणि व्होल्टेज घसरले की पुन्हा सुरू होतो. बॅटरी जितकी गार, तितके हे व्होल्टेज थोडे अधिक लागते, म्हणून तापमानानुसार ते बदलणारा मेंटेनर उघड्यावरच्या गाडीसाठी अधिक योग्य. त्याचा प्रवाह बहुधा कमी असतो, त्यामुळे बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून मगच तो जोडावा. हल्ली मेंटेनरच्या खोक्यावरही ‘ट्रिकल’ छापलेले आढळते. तेव्हा नावावर न जाता फ्लोटची, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती धरून ठेवण्याची, सोय आहे का, ते वाचावे.

एवढी काळजी करण्याचे कारण थंडी हेच आहे. भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांच्या आसपास गोठते, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत मुख्यतः पाणीच उरल्याने ती उणे १० च्या सुमारास गोठून फुटू शकते. गाडी बंद असली तरी अलार्म आणि संगणक मिळून ३० मिलिअँपिअर खात असतील, तर ६० दिवसांत सुमारे ४३ अँपिअर-तास संपतात. गोठलेल्या बॅटरीला कोणताच चार्जर लावू नये.

काही पार्किंगमधील सॉकेटचा पुरवठा टायमरवर चालू-बंद होतो. मेंटेनरला ते चालते, पण वीज परतल्यावर बटण दाबावे लागणारे मॉडेल तेथे निरुपयोगी आहे. सॉकेटच नसेल, तर भरलेल्या बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवावे किंवा बॅटरी काढून घरात ठेवावी. शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू करायला सांगण्याची पद्धत मात्र मला पटत नाही, कारण कडाक्याच्या थंडीत स्टार्टरने घेतलेली वीज तेवढ्या वेळात क्वचितच भरून निघते आणि पुरेसा न तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पाणी साचून राहते.